लिहायचं, पण घ्यायचं नाही
नावांची गाठोडी : भाग ७

गेल्या आठवड्यात आडनावांतला ‘कर’ पाहिला, तेव्हा पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर ही यादी मुद्दाम अर्धी सोडली होती. ही आडनावं आपल्या रायगडातल्या बेने इस्राएल, म्हणजे इथल्या ज्यू मंडळींचीही आहेत. उलव्याहून पनवेलला गेलं की त्यांचं १८४९ सालचं प्रार्थनाघर (सिनेगॉग) लागतं, बेथ एल. बेथ म्हणजे घर, एल म्हणजे देव. पेणच्या सिनेगॉगच्या नावात एलोहीम आहे, म्हणजे पुन्हा देवच. पण ‘देव’ हा झाला हुद्दा. त्याचं नाव वेगळं आहे आणि ते या पाट्यांवर नाही.

नाव चार अक्षरांचं. उजवीकडून डावीकडे : योद, हे, वाव, हे. हिब्रू बायबलात ते साडेसहा हजारांहून अधिक वेळा येतं आणि प्रार्थनेत वाचणारा ते एकदाही उच्चारत नाही. डोळ्यांना ही अक्षरं दिसतात, तोंड म्हणतं ‘अदोनाय’, माझा स्वामी. आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. आमच्या आजीनं आजोबांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. रेशनकार्डावर मात्र ते ठसठशीत होतं. ती त्यांना ‘हे’ म्हणायची. त्या चार अक्षरांतही दोन ‘हे’ आहेत. निव्वळ योगायोग, पण मला आवडतो. उखाण्यासारखा प्रसंगही ज्यूंकडे होता. जेरुसलेमच्या मंदिरात महायाजक योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी ते नाव मोठ्यानं घेई. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि तो प्रसंगच उरला नाही.

मग ‘यहोवा’ कुठून आलं? हिब्रू लिहायची ती मुळात व्यंजनांनी. कित्येक शतकांनी स्वरखुणा आल्या, तेव्हा या चार अक्षरांना ‘अदोनाय’च्या खुणा लावल्या गेल्या, वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून. बाहेरच्यांनी दोन्ही एकत्र वाचलं. विठ्ठलाच्या व्यंजनांवर माउलीचे स्वर चढवले तर ‘वाठुली’ होईल, तसं ते झालं. मूळ उच्चार ‘याह्वे’च्या जवळपास असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

अर्थाकडे येऊ. बायबलात जळत्या झुडपापाशी मोशे देवाला नाव विचारतो, तेव्हा उत्तरात ‘एह्ये’ हे क्रियापद येतं, प्रथमपुरुषी. त्याचं ‘मी आहे’ही करता येतं आणि ‘मी असेन’ही, कारण त्या रूपात आज आणि उद्या यांच्यामध्ये कुंपण नाही. शिवाय धातूच्या पोटात असणं आहे तसं होणंही आहे. आपल्याकडे नुसतं ‘मी होतो’ म्हटलं, तर काल होतो की आज होतो आहे, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. तसंच काहीसं. हेच तृतीयपुरुषात गेलं की ती चार अक्षरं, असं सहसा सांगतात. काहींच्या मते मात्र ‘जो घडवतो तो’. मला ‘आहे’पेक्षा ‘होतो’ बरं वाटतं. ‘आहे’ म्हटलं की तो खुर्चीत बसल्यासारखा दिसतो.

आता कोकणातली गोष्ट. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे ही माणसं तेल गाळू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हिब्रू विसरली गेली. तोंडपाठ राहिली ती ‘शेमा’ ही प्रार्थना. बारसं असो, लग्न असो की मरण, तीच म्हणायची.

त्या प्रार्थनेच्या पहिल्याच ओळीत ते नाव दोनदा लिहिलेलं असतं. बाकीच्या जगातल्या ज्यूंच्या जिभेवरून ते नाव गेलं, पण कागदावर राहिलं. इथे कागदच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर होता तो बदली शब्द. तो कुणाच्या जागी उभा आहे, हे दाखवणारी अक्षरं कोणी पाहिलेली नव्हती. सातबारा नाही, पाटी नाही, नुसती ‘अहो’ अशी हाक. आणि तेवढ्या हाकेवर घर टिकलं.

अक्षरं परतली ती कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांबरोबर आणि मिशनऱ्यांच्या शाळांतून. ख्रिस्ती मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत काढलं. हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता. शिकणाऱ्यांनी अक्षरं घेतली आणि बहुतेकांनी धर्म आपलाच ठेवला.

इतक्या खबरदारीतूनही नाव एका फटीतून घरात शिरतंच. बेने इस्राएलांचा सगळ्यांत लाडका पैगंबर एलियाहू. एली म्हणजे माझा देव आणि याहू हे त्याच चार अक्षरांचं आखूड रूप. (संगणकवाल्यांनी हसू नये.) नवस फेडायला त्याच्या नावानं मलिदा करतात : भिजवलेले पोहे, गोड, वर ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. ताट तयार झालं की एखादं पोर विचारतं, ‘आज मलिदा कुणाचा?’ स्वयंपाकघरातून उत्तर येतं, ‘एलियाहूचा.’