रक्ताची गुठळी, गोळी आणि मूत्रपिंड

हृदयाची लय बिघडलेल्या, कृत्रिम झडप बसविलेल्या किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णास जी गोळी दिली जाते, तिला 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तिने रक्त पातळ होत नाही. ते गोठण्याची क्रिया मंदावते. गुठळी मेंदूकडे जाऊन होणारा पक्षाघात त्यामुळे बव्हंशी टळतो. मात्र गोठणे मंदावले की रक्तस्रावाचा संभव वाढतो, आणि मूत्रपिंडे दुर्बल झालेल्या रुग्णांत तो अधिकच वाढतो.

याचे एक कारण खुद्द आजारात आहे. जखम झाली की रक्तातील प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म पेशी तेथे चिकटून पहिला बांध घालतात. मूत्रपिंडांनी बाहेर टाकावयाची द्रव्ये रक्तात साठली की या पेशींची संख्या पुरेशी असूनही त्यांचे काम नीट होत नाही. विचित्र गोष्ट अशी की, याच रुग्णांत गुठळी होण्याचा धोकाही अधिक असतो. त्यामुळे औषध द्यावे तर भीती आणि न द्यावे तरीही भीती, अशा पेचात वैद्यकास निर्णय घ्यावा लागतो.

दुसरे कारण औषधाच्या उत्सर्जनाचे. १९५४ पासून मानवी उपचारात असलेले वॉरफरिन प्रथम उंदीर मारण्यासाठी वापरात आले होते, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याचे विघटन यकृतात होते. तरीही मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्याची मात्रा बहुधा कमी पुरते. त्याचा परिणाम आय.एन.आर. या रक्ततपासणीने मोजता येतो, ही त्यातील जमेची बाजू होय. नव्या औषधांपैकी डॅबिगॅट्रानचा सुमारे ८० टक्के भाग मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. निरोगी माणसात साधारण अर्ध्या दिवसात निम्मे होणारे हे औषध मूत्रपिंडे फार क्षीण झाल्यास निम्मे होण्यास एक दिवसाहून अधिक वेळ घेते. गोळी तीच, वेळही तीच. पण शरीरात ती साठत जाते. अपिक्साबानचा सुमारे चौथा हिस्साच या मार्गाने जात असल्याने अशा रुग्णांत पुष्कळदा त्याचा विचार होतो. कृत्रिम धातूची झडप असलेल्यांना मात्र ही नवी औषधे चालत नाहीत.

अहवालातील क्रिएटिनिनचा आकडा येथे फसवा ठरू शकतो. १.२ हा आकडा पाहून कोणी विशेष घाबरत नाही. परंतु वय, वजन व लिंग विचारात घेणाऱ्या, १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केल्यास, ७० किलो वजनाच्या चाळीस वर्षांच्या पुरुषात त्याचा अर्थ मिनिटाला सुमारे ८१ मिलिलिटर गाळणक्षमता असा होतो, तर ४५ किलो वजनाच्या पंचाहत्तर वर्षांच्या वृद्धेत तो केवळ २९ होतो. ३० च्या खाली डॅबिगॅट्रान सामान्यतः टाळले जाते. ग्रामीण भागातील कृश वृद्धांच्या बाबतीत हा हिशेब विशेष महत्त्वाचा आहे.

ही क्षमता कायम एकसारखीही राहत नाही. जुलाब-उलट्यांनी किंवा उन्हाच्या तडाख्याने शरीरातील पाणी घटले की ती दोन-चार दिवसांतही खालावते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी तर दुहेरी घात करते: मूत्रपिंडावर ताण आणते व जठरातून रक्तस्राव घडवू शकते. मात्र या धास्तीने मूळ औषध आपल्या मनाने बंद करणेही तितकेच घातक; मात्रा बदलणे वा औषध पालटणे हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा किंवा डोक्यास लागलेला मार, बाहेर जखम दिसत नसली तरी, रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेण्यास पुरेसे कारण आहे. सोबत गोळीचे वेष्टन अवश्य न्यावे. वॉरफरिनवर 'के' जीवनसत्त्व हा उतारा आहे. डॅबिगॅट्रानवर त्याचा उपयोग होत नाही, त्यासाठी २०१५ पासून इडारुसिझुमॅब हे निराळे औषध वापरात आले आहे.