प्रत्येकाच्या हाती एक चिठ्ठी

गटात बसलेल्या मुलांकडे बघताना मी आधी पेन्सिल कोणाच्या हातात आहे ते पाहतो. चार मुलं गोल करून बसलेली असतात, मध्ये एक कागद असतो आणि भेटीला आलेल्या माणसाला वाटतं, छान गटकार्य चाललंय. दहा मिनिटं तिथेच बसलं की खरा प्रकार दिसू लागतो. पेन्सिल सुरुवातीपासून एकाच मुलाकडे असते. दुसरा त्याच्या वहीतलं उत्तर उतरवून घेतो, तिसरी खोडरबर सांभाळते आणि चौथ्याचं लक्ष व्हरांड्यात शिजणाऱ्या खिचडीकडे असतं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शाळांत असे गोल मी पुष्कळ पाहिले. त्यात शिक्षकांचा आळस नसतो. मुलांना एकत्र बसवलं की ती आपोआप एकत्र शिकतात, असा समज प्रशिक्षणांतून पसरला आहे आणि तो चुकीचा आहे.

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मात्र मला वेगळं काम पाहायला मिळालं. दोन खोल्या, पहिली ते पाचवीचे वर्ग आणि दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे जंगलातल्या बहुतेक लहान शाळा अशाच चालतात. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी, चौथी आणि पाचवी सरांकडे, एकाच खोलीत. सर तिसरीला शिकवत असतील तेव्हा चौथी-पाचवीने काय करायचं, हा प्रश्न इथे रोजचा आहे. गटाने शिकणं हा इथे कुणी बाहेरून आणलेला प्रयोग नाही. शाळाच त्याशिवाय चालत नाही.

त्यात भाषेची अडचण. मुलं माडिया बोलतात. माडिया द्रविड कुळातली भाषा. मराठीशी तिचा उगमाचा संबंध नाही. पहिलीत आलेलं मूल बाईंचं वाक्य ऐकतं तेव्हा त्यातले बरेचसे शब्द त्याने घरी कधी ऐकलेलेच नसतात. भामरागड तालुक्यात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा १९७६ साली सुरू झाली. तेव्हापासून या भागात शिकवणाऱ्या प्रत्येकाला हीच भिंत ओलांडावी लागली आहे. आमच्या या सरांनी नोकरीच्या गावात राहून कामापुरती माडिया शिकून घेतली आहे. ‘कामापुरती’ हा त्यांचाच शब्द. वर्गात मुलं त्यांच्या चुका दुरुस्त करतात आणि ते त्या करून घेतात.

मी गेलो तो थंडीतला दिवस होता. परिपाठ झाला, हजेरी झाली आणि सरांनी खिशातून चिठ्ठ्या काढल्या. जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदाच्या, रात्री बसून लिहिलेल्या. चार-चार मुलांचे गट आधीच ठरले होते. प्रत्येक गटात पाचवीची दोन, चौथीचं एक आणि तिसरीचं एक. प्रत्येकाला एक चिठ्ठी. सरांनी नियम सांगितला, “चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. वाचून दाखवायची, नाही समजलं तर समजावून सांगायचं. कोणत्याही भाषेत.”

चिठ्ठ्यांत असं होतं. पहिली: एका पुड्यात ७० पानं असतात. दुसरी: घरच्यांनी ५ दिवस पानं तोडली आणि रोज २४० पुडे बांधले. तिसरी: शंभर पुड्यांना ५०० रुपये भाव. चौथी: वादळी पावसात १०० पुडे भिजून खराब झाले, ते विकले गेले नाहीत. फळ्यावर प्रश्न दोनच. एकूण किती पानं तोडली? हातात किती पैसे आले?

पानं कशाची, हे सांगायची गरज नव्हती. एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात या दोन्ही जिल्ह्यांत गावंच्या गावं पहाटे तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. दुपारी घरोघरी अंगणात पुडे बांधले जातात आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. सत्तर पानं मोजून पुडा बांधायला सात-आठ वर्षांचं मूलही शिकलेलं असतं. भाव मात्र सरांनी गणितासाठी सोपा धरला होता. ते कळताच एका मुलाने लगेच विचारलं, “सर, एवढा कमी कसा?”

मी एका गटाशेजारी टाटपट्टीवर बसलो. पाचवीतला एक उंच मुलगा गणितात तयार होता, हे पहिल्या मिनिटातच कळलं. एरवी पेन्सिल त्याच्याकडेच गेली असती. पण त्याच्याजवळ फक्त भावाची चिठ्ठी होती, आणि नुसत्या भावाने काही सुटत नव्हतं. त्याला थांबावं लागलं. चौथीतल्या मुलाने पुड्यांची चिठ्ठी वाचली. पाचवीतल्या मुलीने ७० पानं सांगितली. तिसरीतली लहान मुलगी पावसाची चिठ्ठी घेऊन बसली होती. ‘वादळी’ शब्दावर ती अडली. उंच मुलगा चिठ्ठी ओढायला पुढे वाकला आणि सरांकडे बघून मागे सरला. मग त्याने तिला अक्षर अक्षर लावायला मदत केली. याला बराच वेळ गेला. त्या वेळात मला घाई झाली होती, मुलांना नव्हती.

हिशेब सुरू झाला. रोज २४०, पाच दिवसांचे १,२००. त्यातून भिजलेले १०० वजा, उरले १,१००. उंच मुलाने त्याला ७० ने गुणलं आणि पाटीवर ७७,००० लिहिलं. बाकी दोघांनी मान डोलावली. तेवढ्यात तिसरीतली मुलगी काहीतरी बोलली. माडियात, आणि बऱ्यापैकी जोरात. मला शब्द कळले नाहीत, पण तिने चिठ्ठीवर बोट ठेवलेलं दिसलं. उंच मुलगा काही बोलला, तिने मान हलवून नाही म्हटलं. चौथीतला मुलगा तिच्या बाजूने बोलू लागला. दोघातिघांचा एकदम आवाज झाला. दुसऱ्या गटाजवळ बसलेल्या सरांनी वर पाहिलं आणि पुन्हा खाली बघितलं. उठून आले नाहीत. मला ते फार आवडलं. अशा वेळी उठून न येणं कोणत्याही शिक्षकाला अवघड जातं.

मी विचारलं तेव्हा पाचवीतल्या मुलीने मला मराठीत सांगितलं, “सर, ते म्हणते, पानं तर तोडली ना. भिजले तरी तोडलीच. पैसे नाही भेटले, पण मेहनत तर झाली.”

बरोबर होतं. तोडलेली पानं १,२०० पुड्यांची, म्हणजे ८४,०००. पैसे १,१०० पुड्यांचे, म्हणजे ५,५००. गुणाकार उंच मुलाने अचूक केला होता. कोणत्या आकड्याचा गुणाकार करायचा हे तिसरीतल्या मुलीने दाखवलं. सत्तरचा पाढा तिला येत नव्हता. पण पावसात सडलेल्या पुड्यांची चिठ्ठी तिची होती, म्हणून गटाला तिचं ऐकावं लागलं. चिठ्ठी मध्ये ठेवून दिली असती तर ती गप्पच राहिली असती, असं मला पक्कं वाटतं.

प्रत्येकाकडे माहितीचा एक तुकडा द्यायचा आणि तुकडे जुळवल्याशिवाय काम पुरं होऊ द्यायचं नाही, ही युक्ती अमेरिकेतल्या एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात वापरली. तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती, आणि वर्गात वैर होतं. एटापल्लीच्या सरांना अॅरनसन माहीत नव्हते. एका मुलाने चिठ्ठी लपवली तेव्हा बाकीचे त्याच्याभोवती जमा झाले, त्यावरून आपल्याला सुचलं, असं त्यांनी सांगितलं.

गटाने शिकल्यावर मुलांची प्रगती खरंच होते का, यावर जगात भरपूर संशोधन झालं आहे. त्यातला रॉबर्ट स्लाव्हिन यांचा निष्कर्ष मला सर्वांत उपयोगाचा वाटतो. गटापुढे सगळ्यांचं मिळून एक उद्दिष्ट हवं आणि शेवटी प्रत्येक मुलाची स्वतंत्र जबाबदारी हवी. दोन्ही असतील तर फरक पडतो, एक गळलं की पडत नाही. नोरीन वेब यांनी गटातल्या मुलांचं बोलणं बारकाईने तपासलं. दुसऱ्याला समजावून सांगणारं मूल स्वतः अधिक शिकतं, आणि ज्याला नुसतं उत्तर मिळतं त्याला फारसं काही मिळत नाही, असं त्यांना दिसलं. ‘आमचा हुशार मुलगा दुसऱ्यांच्या मागे वेळ घालवतो’ अशी तक्रार करणाऱ्या पालकांना हे सांगायला हवं. हुशार मुलाचा त्यात तोटा नसतो.

स्वतंत्र जबाबदारीचा भाग सरांच्या वर्गात दुपारी आला. खिचडी खाऊन, ताटल्या धुऊन मुलं परतली ती एकेकटी, अंतर ठेवून बसली. प्रत्येकाला पाटीवर नवं उदाहरण. रोज १२ किलो याप्रमाणे ४ दिवस मोहफुलं वेचली, ८ किलो किडली, किलोला ३० रुपये. वेचली किती, पैसे किती? तिसरीला लहान संख्या. उंच मुलाने ४८ किलो आणि १,२०० रुपये लिहिलं. सकाळची चूक त्याने पुन्हा केली नाही. चौथीतल्या मुलाचे ४८ बरोबर आले, पण पैसे त्याने १,४४० लिहिले. किडलेली वजा करायची राहिली. सरांनी फुली मारली नाही. त्यांच्या एका वहीत मुलांची नावं आहेत. त्यात त्याच्या नावापुढे त्यांनी टिपलं, ‘पुढच्या वेळी नुकसानीची चिठ्ठी याला.’ गटाचं यश कुणाच्या वाट्याला किती आलं, हे त्या वहीत कळतं. गटकार्याचे फोटो मोबाइलवर पाठवून ते कळत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात मोठी माणसंही अशीच शिकली आहेत, हे इथे सांगायलाच हवं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘वृक्षमित्र’ संस्थेच्या मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने अभ्यासगट चालवले. देवाजी तोफा आणि गावातली बायामाणसं त्यात बसत. ज्याला ज्या विषयात रस त्याने त्या गटात यावं, बाहेरून जाणकार बोलवावा, कायद्याचा कागद शब्द शब्द वाचावा. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचं. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. माश्या न जाळता मध कसा काढावा हे त्या गावाने अभ्यास करून शिकून घेतलं. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क देशात पहिल्यांदा मिळवणाऱ्या गावांत मेंढा होतं. सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क २००९ मध्ये मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. ज्यांच्यातले कित्येक शाळेत फार शिकलेले नव्हते, त्यांनी हे केलं.

आज पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) आणि वनहक्क कायद्यांमुळे गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. त्या सभेत ठेकेदाराचा कागद वाचणारं, भिजलेल्या पुड्यांचा हिशेब मागणारं माणूस लागतं. टाटपट्टीवर वाद घालणारी ती मुलगी उद्या तिथे बसणार आहे. म्हणून तिचं बोलणं गटात ऐकलं जाणं मला परीक्षेतल्या गुणांइतकंच मोलाचं वाटतं. शिवाय गुणही त्यातूनच येतात.

एक गोष्ट मात्र ठामपणे म्हणायची आहे. मुलं एकमेकांना शिकवतात म्हणून शिक्षक कमी चालतील, असं कुणी समजू नये. चिठ्ठी कुणाला कोणती द्यायची हे ठरवायला प्रत्येक मूल ओळखावं लागतं, रात्री बसावं लागतं, वही ठेवावी लागते. एका शिक्षकाकडे तीन वर्ग असताना हे रोज जमत नाही. सरांनाही आठवड्यातून दोनदाच जमतं, आणि माहिती भरण्याचं काम आलं की तेवढंही नाही. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेवर, पालडोहची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते, हे पुष्कळांनी वाचलं असेल. तिथे जाऊन लोक कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण शाळा रोज भरते कारण रोज येणारे शिक्षक आहेत, हेही त्या कौतुकात यायला हवं.

पुढे केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत एटापल्लीच्या सरांनी चिठ्ठ्यांचं काम इतर शाळांना दाखवलं. शिक्षकांचेच गट पाडले आणि प्रत्येक गटाला जंगलातल्या एका वस्तूवर चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या: मोह, हिरडा, चारोळी, बांबू. मोहाचा गट पटकन लिहून उठला. बांबूच्या गटात मात्र अडलं. एका बंडलात बांबू किती धरायचे, यावर चौघांची चार मतं होती; कुणी कागदाच्या गिरणीचा हिशेब सांगत होतं, कुणी घरबांधणीचा. वेळ संपत आला तेव्हा त्यांनी ती जागा कोरी ठेवली आणि ठरवलं की उद्या वर्गात विचारायचं, आणि बांबूची चिठ्ठी मुलांकडूनच लिहून घ्यायची.