स्कंकने कुत्र्यावर फवारलं? टोमॅटो राहू द्या!

अमेरिका-कॅनडात कुत्रा पाळणाऱ्या मंडळींसाठी. रात्री अंगणात सोडलेला कुत्रा स्कंकच्या नादी लागला की जळक्या रबरासारखा भपकारा घेऊनच परततो. त्याला लगेच घरात घेऊ नका आणि नुसत्या पाण्याने तर मुळीच धुऊ नका. फवाऱ्यातल्या थायोअ‍ॅसिटेटना पाणी लागलं की त्यांचे आणखी घाण वासाचे थायोल होतात. म्हणून तर पावसात भिजला की कुत्रा पुन्हा घाण मारतो. आणि टोमॅटोचा रस? वास जात नाही, आपलं नाक तेवढं सरावतं.

जालीम उपाय रसायनतज्ज्ञ पॉल क्रेबॉम यांचा, १९९३ सालचा. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण एक लिटर, पाव कप खायचा सोडा, एक-दोन चमचे भांडी घासायचा लिक्विड साबण. फसफसत असतानाच अंगभर चोळा (डोळे सांभाळून!), पाचेक मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. थायोलचं ऑक्सिडीकरण होतं, वास संपतो. काळ्या केसांचा रंग थोडा उतरू शकतो, चालायचंच. डोळे लाल दिसले तर मात्र व्हेट गाठा.

उरलेलं मिश्रण ओतून द्या. झाकण लावून ठेवलंत तर आतल्या वायूने बाटली फुटते.