पाच दिवसांत शिकलेली भाषा

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स बघता बघता ढिगारा झाली. लोक मोबाइलवरून ४६३६ या क्रमांकावर मदतीसाठी संदेश धाडू लागले. पण ते हैतीच्या क्रिओल भाषेत. मदतीला धावलेल्या परदेशी पथकांतल्या बहुतेकांना ती येत नव्हती. जगभर विखुरलेले क्रिओलभाषक स्वयंसेवक ते संदेश रात्रंदिवस इंग्रजीत उतरवत राहिले. त्याच धामधुमीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी क्रिओलचे भाषांतरयंत्र उभे केले, तेही पाच दिवसांच्या आत!

चमत्कारच वाटतो ना? पण माझी उमेद बँकेत गेली. असे काही ऐकले की पहिला प्रश्न मनात येतो तो, ठेव कुणाची? ठेव इथेही होती. कार्नेगी मेलन विद्यापीठात नव्वदच्या दशकात क्रिओलवर काम झाले होते. तेव्हा जमवलेली वाक्ये व त्यांची भाषांतरे विद्यापीठाने भूकंपानंतर सर्वांना खुली केली. कुणीतरी सावकाश केलेले काम त्या पाच दिवसांत वटले.

देवनागरीची कथा उलटी. जून २००३ मध्ये अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण-संशोधन संस्थेने संशोधकांपुढे अचानक हिंदी भाषा ठेवली. महिन्याभरात तिची भाषांतराची आणि शोधाची यंत्रणा उभारायची होती. इंटरनेटवर हिंदी मजकूर होता. पण वृत्तपत्रागणिक फाँट निराळा, एकाचा ‘क’ दुसऱ्याकडे भलतेच अक्षर. बराच वेळ सारे एका साच्यात आणण्यातच गेला. त्या काळी मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेलेल्यांना याचे नवल वाटणार नाही. ठेव होती, पण दर तिजोरीची किल्ली वेगळी!

बरे, यंत्र झाले. पण ते बरोबर बोलते हे ठरवायचे कुणी? २००२ पासून रूढ झालेली एक पद्धत यंत्राचे भाषांतर माणसाच्या भाषांतराशी ताडून पाहते आणि किती शब्द व शब्दगट जुळले त्यावर गुण देते. काम झटपट आणि स्वस्त. पण ‘हे पाणी पिण्याजोगे आहे’ आणि ‘हे पाणी पिण्याजोगे नाही’ यांत चारपैकी तीन शब्द जुळतात. यंत्र पास, आणि माणूस दवाखान्यात! म्हणून शेवटी ती भाषा जाणणारा माणूसच तपासायला बसवावा लागतो.

उद्या मेळघाटावर असे संकट आले, तर कोरकूतली हाक कुणाला कळेल? संकटात हाती पाचच दिवस असतात. शब्द जमवायचे आणि ते पारखणारी माणसे जोडायची, ती त्याआधीच्या निवांत वर्षांत.