भूकंपात कोण डोलते?

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर पालघर आणि बोईसर या दोन्ही गावांत बैठ्या घरांच्या जागी बहुमजली इमारती झपाट्याने उभ्या राहू लागल्या. याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी परिसरात, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. साहजिकच मुले वर्गात विचारतात, "सर, भूकंपात उंच बिल्डिंगच आधी पडणार ना?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. खराट्याच्या तीन काड्या मात्र ते छान देतात.

थर्मोकोलच्या ठोकळ्यात ३०, २२ व १५ सेंटिमीटर उंचीच्या काड्या उभ्या खोचा. प्रत्येकीच्या टोकाला बोराएवढा मातीचा गोळा लावा. ठोकळा टेबलावर सावकाश मागेपुढे हलवा आणि वेग हळूहळू वाढवत न्या. आधी लांब काडी जोरात डोलू लागेल. वेग वाढला की ती शांत होईल आणि मधली डोलेल. शेवटी आखूड काडीची पाळी येईल.

प्रत्येक काडीला एक झोका पुरा करायला ठरावीक वेळ लागतो. हा तिचा आवर्तकाल. बाहेरचे हेलकावे त्याच्याशी जुळले की डोलणे वाढत जाते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. इमारतींचेही तसेच. ढोबळ हिशेब असा, की दर मजल्यामागे सुमारे ०.१ सेकंद. म्हणजे दहा मजली इमारतीचा आवर्तकाल साधारण १ सेकंद, बैठ्या घराचा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास.

जवळच्या, लहान भूकंपात जलद कंपने जास्त असतात. त्यांचा जाच बैठ्या घरांना होतो. धुंदलवाडी भागात तडे गेले ते अशाच घरांना. जलद कंपने अंतराबरोबर लवकर विरतात. दूरवर पोहोचतात त्या मुख्यतः मोठ्या भूकंपाच्या संथ लाटा, आणि त्या उंच इमारतींना हलवतात. १९८५ साली मेक्सिको शहर भूकंपकेंद्रापासून ३०० किलोमीटरहून दूर होते. पण जुन्या तळ्याच्या गाळाने संथ लाटा आणखी वाढवल्या आणि मध्यम उंचीच्या कित्येक इमारती कोसळल्या. लहान घरे त्या मानाने बचावली. आपल्याकडेही खाडीकाठच्या खाजण जमिनीवर बांधताना हा धडा ध्यानात ठेवायला हवा. तेथील मऊ गाळ आणि कातळ भूकंपात सारखे वागत नाहीत.

दुसरा धडा अहमदाबादचा. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात, केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असूनही, तेथे अनेक बहुमजली इमारती पडल्या. त्यांपैकी बऱ्याच इमारतींचा तळमजला गाड्या ठेवण्यासाठी मोकळा होता. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा, खाली नुसते खांब. मग सारी वाकण्याची वेळ त्या खांबांवर येते. हे खांब मुद्दाम भक्कम केलेले असतील किंवा तळमजल्यावर काँक्रीटच्या भिंती योग्य जागी घातल्या असतील, तर धोका बराच कमी होतो.

तेव्हा मुलांना सांगावे, की उंची हा दोष नव्हे. इमारत केवळ पाहून ती सुरक्षित आहे की नाही, हे अभियंत्यालाही सांगता येत नाही. पण नवे घर घेताना आईवडिलांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत: पायाखाली जमीन कोणती आहे? आणि मोकळ्या तळमजल्याचे खांब भूकंपाचा हिशेब करून बांधले आहेत का?