चिनी वीरकथेंतील मत्सर आणि अज्ञातवास

प्रेमांत मत्सर करणाऱ्या माणसाविषयीं बोलतांना चिनी लोक ‘तो शिरका खातो’ असें म्हणतात. मराठींत दुसऱ्याचें बरें पाहवेनासें झालें, म्हणजे ‘पोटांत दुखतें’. चिनी भाषेंत तेंच दुखणें जिभेवर आंबट होऊन उतरतें. या वाक्प्रचाराच्या मुळाशीं एक आख्यायिका सांगतात. थांग वंशांतील सम्राट थाय्‌त्सुंग (इ. स. ६२६ ते ६४९) याचा फांग श्वेनलिंग नांवाचा एक विश्वासू प्रधान होता. सम्राटानें प्रसन्न होऊन त्याला एक उपस्त्री देऊं केली. परंतु प्रधानाच्या पत्नीनें तिला उंबरठ्याच्या आंत घेण्याचें साफ नाकारलें. तेव्हां सम्राटानें तिच्यापुढें एक पेला ठेवविला आणि ‘सवत पत्कर, नाहीं तर हें विष पी’ अशी आज्ञा केली. बाईनें क्षणाचाही विलंब न लावतां पेला रिता केला. पेल्यांत विष नव्हतें, शिरका होता.

कथा घडलेली असो वा नसो, ती ज्या समाजांत रुजली त्याची घडी तिच्यावरून चांगली कळते. जुन्या चिनी धर्मशास्त्रांत व कायद्यांत पतीनें पत्नीचा त्याग करण्यास सात कारणें दिलेलीं होतीं. अपत्यहीनता, व्यभिचार, सासूसासऱ्यांची अवज्ञा, वाचाळपणा, चोरी आणि दुर्धर रोग यांच्या पंक्तीला मत्सरही बसविलेला होता. घरांत दुसरी स्त्री आणणें हा पुरुषाचा अधिकार आणि त्याबद्दल मनांत जळणें हा स्त्रीचा अपराध, असा तो न्याय होता. पुरुषाच्या मत्सराला त्या यादींत जागा नव्हती. ही जागा एका आधुनिक चिनी कादंबरीकारानें आपल्या कथेंत करून दिली, आणि तीही अशा रीतीनें कीं वाचकाला तिचा विसर पडूं नये.

चिनी भाषेंत ‘वूश्या’ नांवाचा एक कथाप्रकार आहे. ‘वू’ म्हणजे शस्त्रविद्या, आणि ‘श्या’ म्हणजे राजसत्तेची वाट न पाहतां दुर्बलांच्या साहाय्याला धावून जाणारा मनुष्य. अशा भटक्या वीरांचीं चरित्रें इतिहासकार स्सुमा छ्येन यानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारासच आपल्या ग्रंथांत नोंदविलीं होतीं. हे वीर ज्या जगांत वावरतात, त्याला ‘च्यांगहू’ म्हणजे ‘नद्या आणि सरोवरें’ असें सुंदर नांव आहे. तेथें गांव नाहीं, घर नाहीं, वडिलोपार्जित शेतवाडी नाहीं. मनुष्य तेथें कुळावरून ओळखला न जातां आपल्या विद्येवरून आणि लोकांनीं दिलेल्या टोपणनांवावरून ओळखला जातो. साहजिकच त्या जगांत वेष पालटणें, नांव पालटणें आणि जन्माचें रहस्य दडवून ठेवणें अगदीं सुलभ असतें. आपल्याकडील कथांत जो अज्ञातवास पांडवांना एक वर्ष भोगावा लागला, तो येथें अनेकांच्या आयुष्यभर पुरतो.

या प्रकारांतील सर्वांत लोकप्रिय लेखक म्हणजे चिन युंग. हेंही टोपणनांवच. त्याचें खरें नांव चा ल्यांगयुंग. त्याचा जन्म १९२४ सालीं चच्यांग प्रांतांतील हायनिंग येथें झाला. पुढें तो हाँगकाँग येथें गेला, वृत्तपत्रांत नोकरी करूं लागला, १९५९ सालीं त्यानें स्वतःचें ‘मिंग पाव’ हें दैनिक काढलें, आणि २०१८ सालीं तो हाँगकाँगमध्येंच वारला. १९५५ सालीं निघालेल्या त्याच्या पहिल्याच कादंबरींत मांचू सम्राट छ्येनलुंग हा जन्मानें हायनिंगच्या एका हान घराण्यांतला मुलगा असून बंडखोर नायकाचा सख्खा भाऊ आहे, अशी लोकप्रवादावर उभारलेली कल्पना आहे. लेखकाच्या स्वतःच्या गांवचाच हा प्रवाद. लपलेल्या जन्माचें वेड त्याला तेव्हांपासूनचें.

त्याची ‘गरुड मारणाऱ्या वीरांची कथा’ ही १९५७ ते १९५९ या काळांत एका हाँगकाँगच्या दैनिकांत रोज थोडी थोडी छापली जात होती. रोजच्या हप्त्याला वाचकानें उद्यांची वाट पाहावी अशी कांहीं तरी गांठ लागते, आणि मुखवट्यामागें कोण आहे या प्रश्नासारखी उत्तम गांठ दुसरी नाहीं. पण ही गांठ केवळ क्लृप्ति राहिली असती, तर कथा हप्त्याबरोबरच शिळी झाली असती.

कथेचा काळ तेराव्या शतकाच्या आरंभींचा. ११२७ सालीं चिन लोकांनीं सुंग राजधानी जिंकून दोन सम्राटांना उत्तरेकडे बंदी करून नेलें होतें. चीनच्या इतिहासांत ही घटना च्यिंगखांग या शकनामानें ओळखली जाते. तिची आठवण राहावी म्हणून एक ताओपंथी साधु दोन मित्रांच्या होऊं घातलेल्या मुलांना नांवें सुचवितो. एकाचें क्वो च्यिंग, दुसऱ्याचें यांग खांग. शत्रूचें वैर विसरूं नका, हा उपदेश त्या दोघांच्या नांवांतच कोरलेला आहे. पुढें घडतें तें विपरीत. क्वो च्यिंग मोंगोलांच्या तंबूंत चंगीझखानाच्या आश्रयानें वाढतो, आणि यांग खांग वाढतो तो प्रत्यक्ष शत्रूच्याच राजवाड्यांत, चिन राजपुत्राचा मुलगा म्हणून.

हें असें कां झालें, याचें मूळ एका पुरुषाच्या अभिलाषेंत आहे. यांगची आई पाव शीर्वो ही दयाळू स्त्री. दारीं जखमी होऊन पडलेल्या एका परक्याला ती गुपचूप वांचविते. तो परका म्हणजे वेष पालटून आलेला चिन राजपुत्र वान्‌येन. उपकाराची फेड तो अशी करितो कीं, तिच्या रूपावर लुब्ध होऊन तिच्या गांवावर सैनिकांचा छापा घालवितो, तिचा संसार उध्वस्त करवितो, आणि मग स्वतःच तारणहार होऊन तिच्यापुढें उभा राहतो. पति मेला असें समजून ती त्याच्याशीं लग्न करिते. ज्यानें घर जाळलें त्याच्याच छपराखालीं ती अठरा वर्षें राहते, आणि तिला तें ठाऊक नसतें. मात्र त्या भव्य वाड्यांत ती स्वतःसाठीं एक साधी झोंपडी उभारून घेते. तींत जुन्या गांवाहून आणविलेलीं मोडकीं मेजें, नांगर आणि भिंतीला टेकलेला नवऱ्याचा गंजका भाला असतो. नवरा जिवंत असून नांव पालटून फिरत असतो. एके रात्रीं तो त्या झोंपडींत शिरतो, आणि जुन्या दिवसांतलें नांगराविषयींचें एक घरगुती वाक्य बोलतो, तेव्हां तिला त्याची ओळख पटते. राजवैभवानें जें झांकलें होतें, तें एका नांगरानें उघडें केलें.

आईबाप पुन्हा भेटतात आणि पाठलाग करणाऱ्या सैन्यानें घेरले जाऊन त्याच दिवशीं प्राण देतात. मुलाला आतां स्वतःचा जन्म कळलेला आहे. मराठी वाचकाला येथें कर्णाची आठवण होईल. परंतु कर्णाला राज्य देऊं केलें असतां त्यानें ज्यानें प्रेम दिलें त्याची बाजू सोडली नाहीं. यांग खांगला सत्य कळूनही सोडवत नाहीं तें राजपुत्रपद. तो दोन नांवांच्या मध्यें लोंबकळत राहतो. त्याच्या प्रेमाचेंही तेंच होतें. मू न्येन्‌त्सी या मानी मुलीवर त्याचा जीव आहे. पण तिच्यासाठीं वैभव टाकावयास तो तयार नाहीं. ओउयांग ख नांवाचा एक विलासी तरुण तिच्या वाटेस जातो, तेव्हां मात्र मत्सरानें पेटून यांग खांग त्याचा खून करितो. त्यांत मत्सराइतकाच हिशेबही आहे, कारण हा तरुण गेला तर त्याचा चुलता, विषविद्येंत पारंगत असलेला ओउयांग फंग, आपल्याला शिष्य करील, अशी त्याची अटकळ असते. त्याला ठाऊक नसतें तें हें कीं, मेलेला तरुण ओउयांग फंगचा पुतण्या नसून लपवून ठेवलेला पुत्र आहे. पुढें त्याच ओउयांगच्या सर्पविषानें यांग खांगला मृत्यु येतो. दडविलेला जन्म ज्याला जड झाला, तो दुसऱ्याच्या दडविलेल्या जन्माला अडखळून पडला.

कथेची नायिका ह्वांग रुंग हिचा अज्ञातवास याच्या अगदीं उलट जातीचा आहे. बापाशीं भांडून ती बेटावरील घर सोडते आणि मळकट भिकारी मुलाच्या वेषानें हिंडूं लागते. चांगच्याखो येथील खाणावळींत भोळा क्वो च्यिंग तिला पाहतो. ती मुद्दाम महागडे पदार्थ मागविते. तो बिनतक्रार पैसे देतो. थंडी पाहून अंगावरचा मौल्यवान फरचा अंगरखा काढून देतो. तिनें मागितला म्हणून आपला आवडता घोडाही देऊन टाकतो. पुढें ती मूळ रूपांत त्याच्यासमोर येते, तेव्हां तिच्या मनांतला विचार वाचकाला कळतो. रूपवती आणि सुखवस्तु मुलीशीं कोणीही गोड वागेल. भिकाऱ्याशीं जो गोड वागला त्याचाच भरंवसा धरावा. येथें वेष फसविण्यासाठीं घेतलेला नाहीं. मनुष्य पारखण्यासाठीं घेतलेला आहे.

अशा पारखून घेतलेल्या प्रेमालाही मत्सर चुकत नाहीं. क्वो आणि यांग या घराण्यांतील जुन्या वचनामुळें वडीलधारीं माणसें क्वो च्यिंगचें लग्न यांगच्या मानसकन्येशीं, म्हणजे मू न्येन्‌त्सीशीं, ठरवूं पाहतात. ह्वांग रुंग त्या मुलीला गांठून शस्त्राचा धाक घालते आणि क्वो च्यिंगशीं लग्न करणार नाहीं अशी शपथ घे म्हणते. मू न्येन्‌त्सीचें मन दुसरीकडे गुंतलेलें असल्याचें उघड होतें, आणि क्षणापूर्वींच्या वैरिणी बहिणींसारख्या होतात. लेखकानें हा मत्सर हंसत हंसत रंगविला आहे. जुन्या कायद्यानें ज्या दोषासाठीं स्त्रीला घराबाहेर काढलें असतें, तो येथें एका तेजस्वी मुलीच्या स्वभावाचा भाग झाला आहे. तिचा मत्सर बोलका आहे. मनांत आलें कीं ओठांवर येतें, आणि म्हणूनच त्यांतून कोणाचा घात होत नाहीं.

घात होतो तो न बोललेल्या मत्सरानें. दाली राज्याचा राजा त्वान हा सज्जन, विद्वान आणि शस्त्रविद्येंत निष्णात. त्या विद्येच्या नादांत त्यानें आपल्या एका तरुण राणीकडे फारसें लक्ष दिलेलें नसतें. पाहुणा म्हणून आलेल्या चौ पोथुंग या पोरकट वीराशीं तिचें प्रेम जमतें. राजाला तें कळतें, तेव्हां तो औदार्य दाखवितो आणि तिचें लग्न लावून देण्यासही तयार होतो. चौ मात्र लाजून, तिनें दिलेला रेशमी रुमाल परत करून, पळून जातो. राणीला मुलगा होतो. एके रात्रीं एक मुखवटाधारी मनुष्य येऊन त्या तान्ह्या मुलाला प्राणघातक दुखापत करितो. त्याचा हेतु असा कीं, मुलाला वांचवितांना राजानें आपली अंतःशक्ति खर्ची घालावी आणि येत्या वीरस्पर्धेंत दुर्बल ठरावें. राणी गुडघे टेकून विनविते. राजाचें मन द्रवतें, तो उपचाराला हात लावणार, इतक्यांत मुलाच्या अंगावरील कपड्याकडे त्याचें लक्ष जातें. राणीनें तो त्याच रेशमी रुमालाचा शिवलेला असतो. त्यावर प्रेमाचें चिन्ह असलेली पाणपक्ष्यांची जोडी भरलेली असते.

राजाचा हात मागें येतो. तो ओरडत नाहीं, कोणाला शिक्षा करीत नाहीं. फक्त उपचार करीत नाहीं. मुलाच्या यातना न पाहवून आई स्वतःच्या हातानें त्याचा शेवट करिते, आणि त्या एका प्रहरांत तिचे केस पांढरे होतात. सूड घेण्याची प्रतिज्ञा करून ती निघून जाते.

राजा राज्य सोडून बौद्ध भिक्षु होतो, यीतंग हें नांव घेतो आणि डोंगरांत राहतो. हाही अज्ञातवासच. पण त्याचें वैशिष्ट्य असें कीं, तो आपलें कृत्य लपवीत नाहीं. ह्वांग रुंगला वांचविण्यासाठीं, पूर्वीं जी शक्ति त्यानें राखून ठेवली ती तो आतां मुक्तहस्तानें खर्चितो, आणि त्या दोघां तरुणांपुढें आपल्या तोंडानें सर्व कहाणी सांगतो. यिंगकू या नांवानें दलदलींत राहिलेली ती राणी अखेर सुरा घेऊन येते. ह्वांग रुंग भिक्षूचा वेष घेऊन घाव स्वतःवर झेलते; तिच्या अंगांतील कांटेरी चिलखतामुळें ती वांचते. तरीही खरा यीतंग पुढें येऊन छाती उघडी करितो. यिंगकूला त्याचा जुना चांगुलपणा आठवतो, आणि तिच्या हातून सुरा गळून पडतो. पुढें ह्वा पर्वतावर एका मनुष्याच्या हसण्यावरून ती त्या रात्रींच्या मुखवटाधाऱ्याला ओळखते. चेहरा झांकतां आला, पण हसणें झांकतां आलें नाहीं.

या सर्व प्रसंगांचा एकत्र विचार केला म्हणजे मत्सर आणि अज्ञातवास ही जोडी या कथाप्रकारांत वारंवार कां आढळते, हें ध्यानांत येतें. मत्सराच्या मुळाशीं एक भीति असते. समोरच्याला आपण हवे आहोंत, कीं आपलें पद, रूप आणि दिलेलें वचन हवें आहे, ही ती भीति होय. वेष पालटून ह्वांग रुंगनें त्या प्रश्नाचें उत्तर मिळविलें. चिन राजपुत्रानें उत्तराची भीति वाटून प्रश्नच चोरला. म्हणून अठरा वर्षें सहवास घडूनही त्याला त्या झोंपडींत जागा मिळाली नाहीं. आणि त्वान राजानें आपल्या औदार्यावर इतका विश्वास ठेवला कीं, त्याखालीं निजलेला मत्सर त्याला स्वतःलाही ओळखूं आला नाहीं. इतरांचे मुखवटे कापडाचे होते. त्याचा मुखवटा त्याच्याच सद्गुणाचा होता. तो गळून पडण्यास एक लहानसा रुमाल पुरला, पण तोंवर एका तान्ह्या मुलाचा जीव गेलेला होता.