डोळा निर्दोष, तरी अंधार!

मुलांनो, समजा, गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या शाळेतील एका मुलीला सकाळी उठल्यावर उजव्या डोळ्यापुढे धुके दिसू लागले. डोळा फिरवला की आत दुखते. दोन-तीन दिवसांत फळ्यावरची अक्षरे पुसट झाली. लालभडक जास्वंद त्या डोळ्याला विटलेली दिसते. चष्म्याने फरक पडत नाही. डोळ्यात लाली नाही, फूल पडलेले नाही, मोतीबिंदू तर नाहीच. मग बिघाड कोठे आहे?

तो डोळ्याच्या मागे आहे. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा दृष्टीचा मज्जातंतू जेमतेम पाच सेंटिमीटर लांब. पण त्यात सुमारे दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. विजेच्या तारेवर रबर असते, तसे त्यांच्यावर मायेलीनचे वेष्टन असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पेशी कधी कधी आप-पर विसरतात आणि या वेष्टनावर तुटून पडतात. मग संदेश रेंगाळतात किंवा अडतात.

पुष्कळदा हा हल्ला एकदाच होतो. काहींच्या बाबतीत मात्र ती मल्टिपल स्क्लेरोसिसची पहिली खूण ठरते. हा थंड देशांतल्या गोऱ्यांचा रोग, असा समज होता. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यासह १९९० साली तो पारशी समाजातही आढळतो हे दाखवून दिले.

दुसरा रोग १८९४ साली फ्रान्सच्या युजीन डेविक यांनी वर्णिला. त्यात डोळ्यांबरोबर मज्जारज्जूवरही घाला पडतो. त्याचा छडा मोठ्या आडवाटेने लागला! पेशीच्या आवरणात पाण्यासाठी खास दारे असतात, हे पीटर ॲग्रे यांनी १९९२ मध्ये दाखवले व २००३ च्या नोबेलचे ते एक मानकरी झाले. त्यांचा डोळ्यांच्या रोगाशी काय संबंध? पण २००५ मध्ये व्हँडा लेनन व सहकाऱ्यांना आढळले, की डेविकच्या रोगात रक्तातील प्रतिपिंडे अशाच एका दाराला, ॲक्वापोरिन-४ ला, जाऊन चिकटतात. म्हणून आज रक्त तपासून तो ओळखता येतो.

डॉक्टरांचे पहिले साधन मात्र साधी बॅटरी. प्रकाश निरोगी डोळ्यावरून दुखऱ्या डोळ्यावर नेला, की तेथील बाहुली आकसण्याऐवजी चक्क मोठी होते. कारण मेंदूला वाटते, उजेड कमी झाला. उपचारासाठी शिरेतून स्टिरॉइड देतात. नेहमीच्या मात्रेतील नुसत्या गोळ्यांनी दुखणे उलट अधिक वेळा परतते, असे १९९२ साली अमेरिकेतील चाचणीत दिसले. डेविकच्या रोगात तर उपचाराला लागलेला एकेक दिवसही दृष्टीला महाग पडतो.